पळून आलेला आदिनाथ

आमच्या बीड जिल्ह्यात फ्लेक्स लावायला मोठं निमित्त लागत नाही. कुणी ग्रामपंचायतीत निवडून आला की फ्लेक्स, कुणाच्या बैलजोडीनं शर्यतीत नंबर काढला की फ्लेक्स, आणि वाढदिवस असला तर विचारायलाच नको. तेव्हा माझा धाकटा भाऊ आदिनाथ बारावीत असताना फौजेत अधिकारी करणाऱ्या एनडीएची लेखी परीक्षा पास झाला, हे आमच्या चौसाळा गावाला कळल्यावर काय झालं असेल ते तुम्हीच ताडा. जवळच्या मांजरसुंब्याच्या चौकात ट्रकच्या टपाएवढा फ्लेक्स लागला. मधोमध आदिनाथचा दहावीच्या हॉल तिकिटावरचा फोटो, मागे रणगाडा, वर विमान, समुद्र नसलेल्या आमच्या जिल्ह्यात एक जहाजसुद्धा. आणि खाली ठसठशीत अक्षरात, ‘एनडीएमध्ये निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन!’

निवड झालेलीच नव्हती. लेखी परीक्षेनंतर पाच दिवसांची मुलाखत असते, निवड तिथं होते. लेखी पास होणारे हजारो, त्यातून घेतात मोजके. आदिनाथनं हे आमच्या भावकीतल्या सुंदररावकाकांना हात जोडून सांगितलं, कारण फ्लेक्सची हौस त्यांची.

“काका, आजून मुलाखत राहिलीय.”

“आरं, मुलाखतीत नाव-गाव इचारत्यात,” काका म्हणाले. “तुला काय सोताचं नाव येत न्हाई का?”

मग हलगी वाजली, गुलाल उधळला गेला, ट्रॉलीतून मिरवणूक निघाली. आमचे वडील, आण्णा, म्हणजे भारतराव, जन्मात कधी पहिल्या रांगेत बसले नव्हते. त्या दिवशी त्यांना फेटा बांधून पुढच्या खुर्चीवर बसवलं. मी नुकतीच लग्न होऊन केजला गेले होते, पण मिरवणुकीसाठी आवर्जून आले. आण्णांचा तो चेहरा मला आजही तसाच दिसतो. फेटा डोळ्यावर येत होता आणि माणूस तो वर सारायलाही विसरला होता.

पुढच्या आठवड्यात आदिनाथ भोपाळला गेला आणि मुलाखत संपल्याच्या दुसऱ्या दिवशी परत आला. त्याला घेतलं नव्हतं. तिथं शेवटच्या दिवशी सगळ्यांना एका खोलीत बसवतात, छातीवरच्या नंबरांपैकी निवडलेले नंबर वाचून दाखवतात आणि बाकीच्यांना गाडीत घालून थेट स्टेशनवर सोडतात. चहा पाजतात म्हणे जाताना. तो चहा पिऊन माझा भाऊ घरी आला.

आता गावाचं डोकं कसं चाललं बघा. निवड झाली हे तर फ्लेक्सवर लिहिलेलं. एवढ्या मोठ्या अक्षरात लिहिलेलं खोटं कसं असेल? म्हणजे निवड पक्की, पोरगं मिलिटरीत गेलं, आणि आठवड्याच्या आत परत आलं. याचा अर्थ एकच. पळून आलं!

नापास झालेल्या पोराला लोक चार दिवस बोलतात आणि विसरतात. पळून आलेल्याला विसरत नाहीत. चौसाळ्याच्या बाजारात भाजी घ्यायला गेलं तरी मागून आवाज यायचा, “सोळा मैल पळायला लावलं म्हणं, पहिल्याच दिशी पिशवी उचलली.” कुणी सांगे रडत आला, कुणी सांगे भिंतीवरून उडी मारून आला. भिंतीची उंची दर बाजाराला वाढत गेली. आणि सगळ्यात जास्त कोण सांगायचं? सुंदररावकाका! आपला फ्लेक्स खोटा ठरण्यापेक्षा पुतण्या पळपुटा ठरलेला त्यांना परवडत होता. माझ्या तोंडाला लगाम नाही, मी त्यांना भर पंगतीत विचारलं होतं, “काका, तुम्ही गेलता का भिंत मोजायला?” तेव्हापासून ते मला पंगतीला बोलवत नाहीत, ते एक बरं झालं.

पण गावाचं सोडा. खरी गोम घरात होती.

आदिनाथ परत आला त्या दिवशी आण्णा ओट्यावर बसलेले. त्यांनी पोराकडं बघितलं, पिशवीकडं बघितलं आणि म्हणाले, “जेव.” बस्स. काय झालं, कसं झालं, काही नाही. आमच्याकडं बाप-लेकाचं बोलणं आईमार्फत चालतं. आमची आई छबुबाई निरोप पोचवण्यात पटाईत, पण हा निरोप तिलाही पोचवता आला नाही. एकदा आदिनाथनं स्वतःच धीर केला.

“आण्णा, म्या पळून आलो न्हाई. त्यांनी घेतलं न्हाई.”

“बरं,” आण्णा म्हणाले.

त्या ‘बरं’चा अर्थ लावण्यात माझ्या भावाचे कितीतरी महिने गेले. अर्थ कळला तोही भलत्याच वेळी. दिवाळीला मी माहेरी आले होते. आण्णा मला गोठ्यापाशी हळूच म्हणाले, “वने, पोरगं नाजूक निघालं. कुनी काय बोलू नगा त्याला.” प्रेमानंच म्हणाले. पण आदिनाथ वैरण घेऊन मागेच उभा होता. त्यानं वैरण खाली ठेवली आणि निघून गेला. फौजेत अधिकारी व्हायचं त्याच्या मनात होतंच. त्या दिवसापासून त्याला त्याहून मोठी एक गोष्ट हवी होती. आण्णांच्या तोंडातलं ते ‘नाजूक’ त्याला परत घ्यायला लावायचं होतं.

रस्ते बरेच होते. चौसाळ्यात एक निवृत्त सुभेदार राहत, परमेश्वर नावाचे. ते म्हणाले, “एनडीए गेली म्हंजी सगळं गेलं न्हाई. शिपाई म्हणून भरती हो, आतून परीक्षा दे, आतनं बी ऑफिसर होतंय. न्हाईतर पदवी घे अन् ऑफिसरची ती सीडीएस परीक्षा दे. कॉलेजात एनसीसी केली तर लेखी बी माफ, थेट मुलाखत.” आदिनाथनं आठ दिवस विचार केला. शिपायाचा रस्ता जवळचा होता. पण त्याला भीती होती की शिपाई म्हणून गेलो तर लोक म्हणतील, बघा, ऑफिसर व्हायला झेपलं नाही. लोकांच्या भीतीनं माणूस काय काय सोडतो! मी म्हटलं, लोकांना पोतंभर वाळू खाऊ घाल. ऐकलं नाही. बीडच्या कॉलेजात बीएस्सी केली, एनसीसीचं ‘सी’ सर्टिफिकेट मिळवलं, त्यावर मुलाखतीला गेला, नाही झालं. सीडीएसची लेखी पास झाला, मुलाखतीला अलाहाबादला गेला, पहिल्याच दिवशीच्या चाळणीत बाहेर. पुन्हा गेला, पुन्हा तेच. तोवर शिपाई भरतीचं वय उलटलं होतं. पुढं सीडीएसचंही उलटलं. या खेपा त्यानं घरात सांगितल्या नाहीत. औरंगाबादला नोकरीच्या मुलाखतीला जातो, असं सांगून जायचा. मला तेवढं खरं माहीत होतं, आणि मी केजहून उपास धरायची. माझ्या उपासाचा काही उपयोग झाला नाही. देवाला माझी साबुदाण्याची खिचडी आवडत नसावी.

पंचविशीत त्याला कळलं की आता दार बंद. महिनाभर तो नुसता गोठ्यात राबला. मग एका पहाटे उठला आणि चौसाळ्याबाहेरच्या माळावर जाऊन एकटाच पळायला लागला. दुसऱ्या दिवशी दोन पोरं मागे आली, आठवड्यानं बारा. पोलीस भरती, सैन्य भरती, जे निघेल त्याची तयारी करणारी पोरं. आदिनाथनं चुना टाकून ट्रॅक आखला, वाळूची पोती भरली, जुन्या टायरांना दोर बांधले. अकॅडमी म्हणावं तर नावाची पाटीसुद्धा नव्हती. लोक नुसतं ‘आदिनाथचं ग्राउंड’ म्हणायचे.

आणि ग्राउंडला यश आलं! पहिल्या वर्षी तिघं लागले, मग दहा, मग पोरीही यायला लागल्या. प्रत्येकाचा फ्लेक्स मांजरसुंब्याला लागायचा आणि कोपऱ्यात हात जोडलेला आदिनाथ असायचा, मार्गदर्शक म्हणून. ज्या चौकात त्याची नाचक्की झाली, त्याच चौकात वर्षातून पाच-सात वेळा त्याचा फोटो. मला मनातून गुदगुल्या व्हायच्या. आण्णा मात्र त्या चौकातून जायचं टाळायचे. मांजरसुंब्याला काम निघालं तरी मागच्या गल्लीनं वळसा घालून जायचे, आणि सत्काराच्या कार्यक्रमांना कधीच यायचे नाहीत.

लग्न जमताना पुन्हा तेच. तीन स्थळं ‘फौजेतनं पळून आलेला’ म्हणून परत गेली. चौथी मुलगी आमच्याच केजची, रोहिणी. पाहायला गेलो तर तिनं पोहे ठेवले, समोर बसली आणि सरळ विचारलं, “तुमी खरंच पळून आलता का?” आदिनाथ हसत सुटला. इतक्या वर्षांत त्याला तोंडावर विचारणारं हे पहिलं माणूस.

“न्हाई,” तो म्हणाला, “नापास झालतो. चारदा.”

“चारदा गेलतात म्हंजी पळणारं माणूस न्हाई,” ती म्हणाली, आणि लग्न ठरलं. मी तिथंच ठरवलं की ही भावजय मला आवडली.

आता खरी गंमत. ग्राउंड जसं गाजलं, तशी गावाची गोष्ट बदलली. एवढी पोरं फौजेत लावणारा माणूस स्वतः फौजेत नसेल असं कसं? हळूहळू लोकांनी ठरवून टाकलं की आदिनाथ सर मिलिटरीत होते, मोठ्या हुद्द्यावर होते, काही कारणानं सोडून आले. पळपुट्याचा माजी सैनिक झाला, आणि दोन्ही गोष्टी सारख्याच खोट्या.

तेजश्री नावाची आमच्या ग्राउंडची मुलगी केंद्रीय सुरक्षा दलात लागली, तेव्हा चौसाळ्यात मोठा सत्कार होता. दीड-दोन हजार माणूस. विजयसिंह नावाचे इथले पुढारी माइकवर होते. बोलता बोलता ते भरात आले आणि म्हणाले, “देशाची सेवा करून आलेले, आपल्या सर्वांचे लाडके माजी सैनिक, आदिनाथराव!” टाळ्यांचा कडकडाट. पुढच्या वर्षीच्या भरतीसाठी पोरं घालायला आलेले आई-बाप समोरच बसलेले. मी रोहिणीशेजारी होते. तिनं माझा हात इतका आवळला की बांगडी पिचली.

आदिनाथनं माइक घेतला.

“साहेब, मी माजी सैनिक नाही,” तो म्हणाला. “मी फौजेत एक दिवससुद्धा नव्हतो. फौजेनं मला चार वेळा नापास केलंय. आणि मी पळूनही आलो नव्हतो, कारण पळायला आधी आत जावं लागतं. ज्यांना पोरं घालायची त्यांनी हे माहीत करून घाला.”

विजयसिंहांनी अंगावरची शाल सारखी केली. मागून कुणीतरी शिट्टी मारली, ती कौतुकाची की टिंगलीची, हे मला आजवर कळलेलं नाही. दुसऱ्या दिवशी ग्राउंडवर निम्मी पोरं आली. बाकीच्यांच्या घरी म्हणे चर्चा झाली की नापास मास्तर काय शिकवणार. मला इतका संताप आला होता की मी घरोघर जाऊन भांडायला निघाले होते. रोहिणीनं मला चहा करून बसवलं.

पण त्या मंडपात एक माणूस बसला होता, गुफरान. चौसाळ्यातल्या चाँदभाई फळवाल्याचा मुलगा, ग्राउंडच्या पहिल्या तुकडीतला. तो प्रादेशिक सेनेत नायक होता आणि सुट्टीवर आला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी तो ग्राउंडवर आला आणि सरांवर जवळजवळ चिडला.

“सर, तुमी आमच्या टीएची, प्रादेशिक सेनेची, ऑफिसरची परीक्षा कावून देत न्हाई?”

“माझं वय गेलं, गुफरान. मी पस्तिशीला आलो.”

“बेचाळीसपातुर चालतंय तिथं!” गुफरान म्हणाला. “आमचे एक कॅप्टन साहेब घरी दुकान चालवत्यात, एक वकील हायत. सोताचं कामधंदा असलेलीच मान्सं घेत्यात. वर्षातून दोनेक महिने बोलवत्यात, गरज पडली तर जास्ती. पण ऑफिसर म्हंजी ऑफिसर. तेच तारे, तीच सलामी.”

इतकी वर्षं पोरांना सगळ्या भरत्या सांगणाऱ्या माझ्या भावाला ही एक भरती स्वतःसाठी दिसली नव्हती. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

त्यानं अर्ज केला. लेखी पास झाला. पुण्यात पहिली मुलाखत झाली. आणि मग पुन्हा तेच भोपाळ, तेच पाच दिवस. या वेळी तो घरात सांगून गेला. आईनं दही-साखर दिली. आण्णा ओट्यावर होते, म्हणाले, “जपून.”

तिथं काय झालं ते त्यानं मला नंतर सांगितलं, आण्णा ओट्यावर बसून ऐकत होते. अठराव्या वर्षी कोचिंगवाल्यानं शिकवलं होतं की सगळ्यात आधी आणि सगळ्यात जास्त बोलायचं, म्हणून त्यानं दुसऱ्या कुणाला बोलू दिलं नव्हतं. आता मात्र दहा वर्षं रोज पन्नास पोरं हाकलेला माणूस. फळ्या आणि दोर घेऊन टोळीनं अडथळा ओलांडायचा होता, तर एका बँकवाल्यानं गाठ सुचवली, एका शिक्षकानं फळी कुठं टाकायची ते सांगितलं, आणि हा फक्त बघत राहिला की कोण दमलंय, कोण घाबरलंय, आणि त्याप्रमाणं पुढं कोणी जायचं ते सांगत गेला. मुलाखतीत विचारलं, “चार वेळा नाही म्हटलं, तरी परत का आलात?” हा म्हणाला, “सर, तेव्हा माझी तयारी नव्हती, तुमचं बरोबर होतं. आता आहे.”

शेवटच्या दिवशी त्याच खोलीत नंबर वाचले. पहिला नंबर याचाच होता. त्यानं लगेच मला फोन लावला. मी विचारलं, “झालं का?” तर म्हणाला, “पहिलाच नंबर.” मग मी इतकी मोठ्यानं ओरडले की शेजारच्या केशरबाई काठी घेऊन धावत आल्या, त्यांना वाटलं साप निघाला.

वैद्यकीय तपासणी झाली, कागद आले, आणि लेफ्टनंट आदिनाथ भारतराव आपल्याच राज्यातल्या एका बटालियनमध्ये रुजू व्हायला निघाला. खांद्यावर तारे लावायला घरच्यांना बोलावलं होतं. आई, आण्णा, रोहिणी आणि मी, आम्ही चौघं गेलो. आण्णा पूर्ण रस्ता खिडकीबाहेर बघत होते. सुंदररावकाका सांगत फिरत होते की, “दोन महिन्यांत परत येतोय बगा.” आण्णांनी ते ऐकलं होतं.

छोटासाच कार्यक्रम होता. हिरवळ, खुर्च्या, रांगेत उभे जवान. कर्नलसाहेब साताऱ्याकडचे निघाले, मराठीत बोलले म्हणून आईचा जीव भांड्यात पडला. एका खांद्यावर आईनं तारे लावले. दुसऱ्यासाठी आण्णांना पुढं बोलावलं. आण्णांनी तारे हातात घेतले. मग कर्नलसाहेबांकडं वळले.

“साहेब, एक इचारू का?”

“विचारा की, आण्णा.”

“ह्यो आठराव्या वर्षी भोपाळला गेलता. तवा ह्यो पळून आलता का?”

आदिनाथ ताठ उभा होता, समोर बघत, पण त्याच्या कानांच्या पाळ्या लाल झालेल्या मला दिसल्या. कर्नलसाहेबांनी एकदा त्याच्याकडं, एकदा आण्णांकडं पाहिलं आणि अगदी शांतपणे म्हणाले, “आण्णा, तिथून कुणी पळून येत नसतं. ती परीक्षा असते. ज्यांना घ्यायचं नाही त्यांना आम्हीच गाडीनं स्टेशनवर सोडतो. मला स्वतःला दोनदा सोडलं होतं. आणि या माणसाचं सांगतो, नाही म्हटल्यावर इतक्यांदा परत येणारे फार थोडे बघितलेत मी.”

आण्णांनी मान हलवली. मग ते लेकाकडं वळले, आणि जन्मात पहिल्यांदा आईमार्फत न बोलता त्याच्याशी एका शब्दाहून जास्त बोलले.

“मला इचारायचं भ्या वाटलं रं. तू हो म्हणला असतास तर मला झेपलं नसतं. नाजूक मीच निघालो.”

“आण्णा, तारे लावा,” आदिनाथ म्हणाला. आण्णांनी दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. तारे लागले. जवानांनी सलामी दिली. रोहिणी हसत होती आणि रडतही होती, आणि मी तर लहान पोरीसारखी टाळ्या पिटत होते. कुणी आवरलं नाही मला.

परतीला मांजरसुंब्याला उतरलो आणि चौसाळ्याची जीप धरली. आण्णा ड्रायव्हरशेजारी बसले. गाडीत एक अनोळखी म्हातारा होता, त्यानं ओळख काढत काढत विचारलं, “चौसाळ्याचे का? तिकडचंच ते पोरगं ना, मिल्ट्रीतनं पळून आलेलं?”

मी तोंड उघडणार होते. पण आण्णा आधीच मागे वळले होते.

“पळून न्हाई,” ते म्हणाले, सगळ्या जीपला ऐकू जाईल असं. “पाच दिसाची परीक्षा असती ती. लई कठीण. छातीवर नंबर देत्यात. फळ्या असत्यात, दोर असत्यात. तुमाला सांगतो सगळं. ड्रायव्हर, गाडी जरा हळू घ्या.”